जुनी झालेली गाणी, जुनी न झालेली गाणी

आपल्या उमेदीच्या काळातले एखादे गाणे जयंतीच्या मिरवणुकीत वाजते आणि शेजारी उभा असलेला विशीतला कार्यकर्ता मोठ्या आदराने ‘जुने गाणे आहे, सर’ असे सांगतो, तेव्हा आपले वय झाल्याची जी जाणीव होते ती पिकलेल्या केसांनी किंवा दुखऱ्या गुडघ्यांनी होत नाही. केस हळूहळू पिकतात. गाणे मात्र एका क्षणात जुने होते, कारण ते जुने झाल्याचा निर्णय आपल्याऐवजी दुसरा कुणी देत असतो. ही जाणीव केवळ खाजगी हळहळ असती तर मी तिच्यासाठी ही पाने अडवली नसती. परंतु आमच्या पिढीला गाणे हे करमणुकीचे साधन म्हणून भेटले नाही. चवदार तळे म्हणजे काय, गोलमेज परिषद म्हणजे काय, धर्मांतर का केले, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी गाण्यात ऐकले. अशी गाणी जुनी होतात म्हणजे नेमके काय होते, हे तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पांढरपेशा मराठी वाचकाच्या परिचयाचे ह्या विषयावरचे एक वाङ्मय आहेच. त्यात रेडिओ सिलोन असते, बिनाका गीतमाला असते, दिवाणखान्यातला रेकॉर्ड प्लेअर असतो, आणि पावसाळी संध्याकाळी कपाटातून काढलेली तबकडी असते. त्यातले दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते घरात बसून ऐकलेल्या गाण्याचे दुःख आहे. माझा जन्म १९५६ सालचा, धर्मांतराच्या वर्षातला, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. आमच्या वस्तीत पहिला रेडिओ आला तेव्हा मी सातवीत होतो, आणि ज्यांच्या घरी तो आला ते सेल संपतील म्हणून बातम्यांपुरताच लावीत. आमच्यासाठी गाणे म्हणजे भाड्याने आणलेला लाऊडस्पीकर, लिंबाच्या झाडावर बांधलेला कर्णा, गॅसबत्तीचा उजेड आणि एस.टी.ने हार्मोनियम-ढोलक सांभाळत आलेली गायन पार्टी. वर्षातून अशा तीन-चार रात्री मिळत. त्या रात्री आजी, आई, आम्ही पोरे आणि कडेवरचे मूल एकाच अंगणात तेच गाणे ऐकत असत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

तरुणपणीची गाणी मनात का रुतून बसतात ह्याचा अभ्यास झालेला आहे. होलब्रुक आणि शिंडलर ह्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सोळा ते शहाऐंशी वर्षे वयाच्या १०८ माणसांना त्यांनी १९३२ ते १९८६ ह्या काळातल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कोणते किती आवडते ते विचारले. ऐकणाऱ्याचे वय साधारण तेवीस-चोवीस असताना जी गाणी गाजत होती ती सर्वांत अधिक आवडली, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्मृतीच्या अभ्यासकांनाही याच्याशी जुळणारे काही आढळले आहे. वृद्ध माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावले तर दहा ते तीस ह्या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर वर येतात. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि आपण कोण आहोत हे माणूस त्याच वयात ठरवीत असतो, अशी त्याची कारणे दिली जातात.

ही कारणे मला पटतात, परंतु ती पुरेशी वाटत नाहीत. ती सगळी व्यक्तीच्या शरीर-मनाभोवती फिरतात. कार्ल मॅनहाइम ह्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढीविषयी जो निबंध लिहिला त्यात वेगळा मुद्दा आहे. एका साली जन्मलेली माणसे केवळ तेवढ्यावरून एका पिढीची होत नाहीत. तरुणपणी त्यांच्यावर जो इतिहास येऊन आदळतो, त्यात ती कुठे उभी असतात, ह्यावर पिढी ठरते. मी चोवीस वर्षांचा झालो ते साल १९८०. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी संमत केला होता, त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्या जळाल्या होत्या, १९७९ साली लाँग मार्च निघाला होता. त्याच १९८० साली पुण्याच्या एखाद्या पेठेत चोवीस वर्षांचा असलेला माणूस माझ्या वयाचा आहे, माझ्या पिढीचा नाही. त्याला आणि मला आपापली गाणी सारख्याच जोराने आठवत असतील. पण त्याचे गाणे जुने झाले तर त्याचे तारुण्य गेले एवढेच होते. माझे गाणे जुने झाले तर मी आधी विचारतो, त्यातली मागणी पुरी झाली काय?

आता जुनेपणा गाण्याच्या कोणत्या भागात असतो ते पाहू. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालचा. आज एखादा विद्यार्थी तो उघडतो तेव्हा ते शब्द तो स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या श्वासात वाचतो. त्यामुळे छापील कवितेला वाचणाऱ्याचे वय मिळते. गाण्याचे तसे नाही. ते त्या काळच्या वाद्यांसकट, त्या काळच्या यंत्राच्या खरखरीसकट येते. म्हणूनच माझ्या तरुणपणच्या कवितांनी मला कधी म्हातारे केले नाही, आणि त्याच सालातल्या कॅसेटचे पहिले दहा सेकंद ऐकले की मी म्हातारा होतो. शब्द सुरू व्हायच्या आधीच ते होते.

ह्या खुणा एकेक करून सांगता येतील. हार्मोनियम, ढोलक आणि टाळी ही कव्वालीच्या पार्टीची मूळ सामग्री. तिच्यात बेंजो आला. आमच्याकडे बेंजो म्हणतात तो टाइपरायटरसारख्या चाव्या असलेला बुलबुलतरंग, पुढे त्याला वीज जोडली गेली. त्याचा तो धातूचा, किंचित चिरका आवाज म्हणजे माझ्या ऐन विशीचा आवाज आहे. ऐंशीच्या दशकात कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले आणि ढोलकवाला मागच्या रांगेत गेला. गाण्याची लांबीही यंत्रानेच ठरवली. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस तीस मिनिटे मिळाली, तेव्हा पाच-सहा मिनिटांचे गाणे रूढ झाले. स्टेजवर तेच गाणे, गायकाने मध्ये शेर टाकीत, प्रसंग समजावून सांगत, अर्धा-पाऊण तास चालवलेले मी ऐकले आहे. आज त्याचा अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा मोबाईलवर फिरतो.

कॅसेटविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आमच्या पिढीचे भाग्य तिच्याशी बांधलेले आहे. तबकडी काढणे हे मोठ्या कंपन्यांचे काम होते आणि कोणाचा आवाज विकण्यालायक आहे हे तिथे ठरत असे. कॅसेट स्वस्त होती, तिची प्रत घरीही काढता येत होती, आणि लहान गावचा माणूसही ती काढून विकू शकत होता. त्यामुळे ऐंशीच्या दशकात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे ह्यांचे आवाज झोपडीतल्या टेपरेकॉर्डरपर्यंत पोहोचले. आमच्या माणसाला स्वतःचा इतिहास हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येऊ लागला, तो हिच्यामुळे. (प्रल्हाद शिंद्यांचा तोच आवाज आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर विठ्ठलाची गाणी गात असे, आणि आमच्यातले काही कडवे कार्यकर्ते त्यावरून त्यांना नावे ठेवीत. गायकाचे पोट हा विषय कार्यकर्त्यांच्या ध्यानात क्वचितच येतो.)

यंत्रापेक्षाही मोठा बदल घडवला तो एका नियमाने. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मर्यादा बारापर्यंत वाढवता येते. आजारी माणसांच्या आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या दृष्टीने नियम चांगला आहे, आणि मी शिक्षक असल्याने त्याच्या विरोधात बोलणार नाही. पण त्याने आमच्या गायनाच्या कार्यक्रमाचा सांगाडाच मोडला. हा कार्यक्रम रात्रभराचा असे. आरंभी वंदना, मग बाबासाहेबांच्या चरित्रातले प्रसंग, मध्यरात्रीनंतर दोन पार्ट्यांचा सामना, त्यात सवाल आणि त्याला जागीच जुळवलेला जवाब. पहाटे तीन-चारच्या सुमारास, पोरे पोत्यावर झोपलेली असताना, ६ डिसेंबर १९५६ च्या दुःखाची संथ, जड गाणी निघत. त्या वेळी आवाज बसलेला असे आणि तो बसलेला आवाजच त्या गाण्यांना लागत असे. आता सात ते दहा ह्या तीन तासांत, त्यातला एक तास पाहुण्यांच्या सत्कारात गेल्यावर, गायकाकडे आठ-दहा गाजलेली गाणी म्हणण्याइतकाच वेळ उरतो. सामना उरला नाही. पहाटेची गाणी कुणाच्या आवडीनिवडीमुळे जुनी झालेली नाहीत, त्यांची वेळच नाहीशी झाली.

माझ्या वयाच्या मंडळींची तक्रार मात्र ह्या कशाविषयी नसते. ती डी.जे.विषयी असते. डी.जे.त शब्द कळत नाहीत, असे सगळे म्हणतात. ह्याचे उत्तर थोडे कानाच्या शास्त्रात आहे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या कंपनसंख्येचे असतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि स, श, च, त, फ ही व्यंजने वरच्या कंपनसंख्येची व क्षीण असतात. वय वाढते तशी माणसाची श्रवणशक्ती वरच्या टोकापासून कमी होत जाते. म्हणजे ढोलाचा दणका म्हाताऱ्याला तरुणाइतकाच ऐकू येतो, ‘स’ आणि ‘त’ हरवतात. शिवाय खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकून टाकतो, आणि हे तरुणांच्या कानातही होते. तरीही त्यांना शब्द कळतात, कारण ते त्यांना आधीच पाठ आहेत. भिंतीएवढ्या स्पीकरपुढे नाचणारा मुलगा शब्द ऐकत नसतो, तो आठवत असतो. ज्याला ते पाठ नाहीत त्याला त्या मिरवणुकीत ते कधीच मिळणार नाहीत. गाणे पाठ असलेल्यांसाठी चालते आणि नवशिक्यासाठी बंद पडते, हा माझा डी.जे.वरचा आक्षेप आहे. त्याच्या मोठेपणावर माझा आक्षेप नाही. लिंबावरचा कर्णाही गावाला ऐकू जावा म्हणूनच गावाच्या दिशेने बांधलेला असे.

येथे आमच्या आधीच्या पिढीचे म्हणणे नोंदवले पाहिजे. तिसाच्या दशकापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसे उभे केले. कर्डकांनी ह्या जलशांवर १९७८ साली पुस्तकही लिहिले आहे. तमाशाची चौकट घेऊन, तिच्यातली गौळण टाकून, तिच्या जागी प्रबोधनाचे सवाल आणि फार्स घालायचे, अशी ती रचना. माझे चुलते एका लहानशा जलशात सोंगाड्याचे काम करीत. आम्ही पोरे कव्वालीच्या मागे लागलो तेव्हा ते रात्रभर अंगणात बसून ऐकत आणि सकाळी मला विचारत, “पोरा, गाणं झ्याक होतं. पण तुमच्या कव्वालीत पाटील कुठंय रं?” मी म्हणे, “तात्या, कव्वाली बाबासाहेबांवर आहे, पाटलाचं काय काम?” ते हसत आणि तंबाखू मळू लागत.

तात्यांच्या प्रश्नाला मी आज मोठे महत्त्व देतो. फार्समध्ये पाटील असे, सावकार असे, भटजी असे, गावकीच्या कामाला नकार देणारा तरुण असे, आणि लोक पाटलाला हसत. ज्या पाटलापुढे दिवसा मान वर करता येत नव्हती त्याला रात्री हसता येणे ही लहान गोष्ट नव्हती. कव्वालीने पाटील काढून टाकला आणि सगळे तेज नायकाच्या स्तुतीला दिले. कॅसेटने सवाल-जवाब काढून टाकला, कारण यंत्रात बसलेल्या गाण्याला समोरून कोणी जवाब देऊ शकत नाही. डी.जे.ने शब्दच मागे ढकलले. प्रत्येक पिढीने काही टाकले, काही मिळवले. म्हणून ‘आमच्या वेळी गाणे चांगले होते’ हे वाक्य निरुपयोगी आहे, आणि ‘ह्या गाण्यात पाटील कुठे आहे’ हा प्रश्न उपयोगी आहे. तो कुठल्याही पिढीच्या गाण्याला विचारता येतो. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतली पोरे रॅप करू लागली आहेत. त्यांचा तो घाईचा, श्वास न घेता बोलण्याचा प्रकार माझ्या कानाला गोड लागत नाही. परंतु त्यांच्या शब्दांत वसतिगृहाचा रेक्टर आहे, पोलीस चौकी आहे, आडनाव विचारणारा घरमालक आहे. तात्यांना ते माझ्या कव्वालीपेक्षा जवळचे वाटले असते, असे मला वाटते.

मघाशी एकाच अंगणात ऐकणाऱ्या तीन पिढ्यांचा उल्लेख केला, तो आता घेतो. अमेरिकेत क्रुमहान्सल आणि झुपनिक ह्यांनी २०१३ साली विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी तर जवळची वाटलीच, पण त्यांचे आईबाप तरुण असतानाच्या काळातली गाणीही ओळखीची आणि भावनेची वाटली. घरात वाजलेली गाणी मुलांच्या स्मृतीत उतरतात, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ही उतरण घरापुरती राहिली नाही, तिला वस्तीचे अंगण मिळाले. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी जूनमध्ये गेले. त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींना वामनदादांची गाणी येतात. सिनेमाच्या गाण्याला हे भाग्य क्वचित लाभते. आपल्या गाण्याला पंचांग आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ जानेवारी. दरवर्षी ते परत येते, म्हणून ते मरत नाही.

पण ह्या पंचांगाची किंमतही मोजावी लागते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी म्हटले जाणारे गाणे हळूहळू आरतीच्या जागी जाऊन बसते. त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही, त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही. वामनदादांनी पुढाऱ्यांना, समाजातल्या शिकलेल्यांना खडे बोल सुनावणारी गाणीही पुष्कळ लिहिली. पंचांगात ती बसत नाहीत. जयंतीच्या व्यासपीठावर ज्यांना ती लागू पडतात तेच बसलेले असतात, त्यामुळे आयोजक दुसरे गाणे सांगतात.

ह्या लेखाचा खरा मुद्दा येथे येतो. चळवळीचे काही गाणे जुने व्हावे म्हणूनच लिहिलेले असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली पुष्कळ गाणी १ मे १९६० रोजी जुनी झाली आणि कोणालाही त्याचे दुःख झाले नाही. जलशातली देवळाचे दार उघडा म्हणणारी गाणी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जुनी झाली, कारण त्या दारात उभे राहण्याचेच आपण सोडले. नामांतराची मागणी करणारी आमची गाणी १४ जानेवारी १९९४ रोजी जुनी झाली. त्या दिवशी मी सदतीस वर्षांचा होतो आणि सोळा वर्षे तोंडात असलेली गाणी एका सकाळी निकामी झाली. असे निकामी होण्यात जे सुख आहे ते मी दुसऱ्या कशात अनुभवलेले नाही. त्या गाण्यांवरची तारीख मला म्हातारे करीत नाही.

त्याच नामांतराच्या काळात पोचीराम कांबळे ह्यांच्या हौतात्म्यावर गाणी झाली. १९७८ सालची ती गाणी १९९४ साली जुनी झाली नाहीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. त्यानंतरच्या एका निषेध सभेत एका शाहिराने एक गाणे म्हटले. त्याची चाल मला ओळखीची वाटली, मग ध्रुपदही ओळखीचे वाटले. माझ्या पंचविशीतलेच गाणे होते. गावाचे नाव आणि माणसांची नावे बदललेली होती, बाकी शब्दांना हात लावावा लागला नव्हता. शाहिराचा त्यात काही दोष नाही, मुद्दाम नवे लिहिण्यासारखे काही वेगळे घडलेच नव्हते. सभेतली तरुण मुले ते नवे गाणे म्हणून ऐकत होती. माझे वय झाल्याची जाणीव मला इतकी कधीच झाली नव्हती. जुने म्हणून बाजूला पडलेल्या गाण्याने ती दिली नव्हती, नवे म्हणून ऐकल्या गेलेल्या गाण्याने दिली.

भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या वेळची, दादासाहेब गायकवाडांच्या काळातली, १९५९ आणि १९६४-६५ सालची गाणी घ्या. गायरान जमिनीवरची अतिक्रमणे नियमित व्हावीत म्हणून आजही तहसीलसमोर बसणाऱ्या माणसाला ती ताजी वाटतात. विलास घोगरे मुंबईच्या झोपड्या पाडल्या जाण्याविषयी गात असत. १९८५ साली आलेल्या आनंद पटवर्धनांच्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली, आणि चार दिवसांनी घोगऱ्यांनी स्वतःला संपवले. त्यांचे गाणे ऐकताना डफाचा आवाज जुना वाटतो, बुलडोझर जुना वाटत नाही. तरुण कार्यकर्त्याला मी एवढेच विचारीन: तुमच्या आजच्या गाण्यांपैकी कोणती तुमच्या हयातीत जुनी व्हावी असे तुम्हाला वाटते, त्यांची यादी केली आहे काय?

मराठी समीक्षेकडे ह्या बाबतीत काही मागावे असे फारसे नाही. आपल्या दलित साहित्याच्या समीक्षेनेही कवितेवर जितके लिहिले त्याच्या दहावा हिस्साही शाहिरीवर लिहिले नाही. गाणे हे कवितेच्या खालच्या पायरीवरचे, असा प्रस्थापितांचा दंडक आपण न बोलता स्वीकारला. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या छापील शब्दांची चर्चा होते, ते कसे गात, कोणती ओळ किती वेळा घोळवीत, हे पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

शिक्षक आणि विद्यार्थी वाचकांपुढे म्हणून एक कामाची गोष्ट ठेवतो. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि मुंबईला चैत्यभूमीवर गाण्यांची छोटी पुस्तके विकली जात. माझ्याजवळ अशी चाळीसेक आहेत. त्यांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे त्या वेळी गाजत असलेल्या एखाद्या सिनेमागीताचे पहिले तीन-चार शब्द. स्वरलेखन कोणाला येत नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. सिनेमाचे गाणे सगळ्यांना ठाऊक होते, तेच स्वरलेखन. आज गंमत उलटी झाली आहे. शाहिराचे शब्द शिल्लक आहेत आणि चाल सांगणारा सिनेमा विस्मरणात गेला आहे. मोठ्या सिनेमांची गाणी शोधून सापडतात. पण कित्येक चाली पडेल सिनेमांतल्या आहेत, काही एखाद्या तमाशाच्या फडातल्या लावणीच्या आहेत, काहींपुढे नुसते ‘चाल : पहिलीच’ असे लिहिले आहे आणि पहिली कोणती ते छापणाऱ्यालाच माहीत. ही चाल आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या गळ्यात आहे.

कॅसेटची स्थिती याहून वाईट आहे. फितीवरचे चुंबकीय द्रव्य ज्या चिकटद्रव्याने बसवलेले असते ते दमट हवेत हळूहळू सुटत जाते, फितीवर बुरशी धरते, एकमेकांवर गुंडाळलेल्या पदरांतून आवाज पलीकडच्या पदरावर उमटतो आणि गाणे सुरू व्हायच्या आधी त्याचे भूत ऐकू येते. कंपनीने काढलेल्या कॅसेटची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल. कार्यक्रमाच्या रात्री कोणी स्टेजपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेल्या कॅसेटची मिळणार नाही, आणि सामने, सवाल-जवाब, पहाटेची गाणी ही सगळी तशाच कॅसेटवर आहेत. अशी कॅसेट हाती आली तर ती लगेच लावू नये. आधी सावलीत कोरडी ठेवावी, एकदा हाताने पुढे-मागे फिरवून फीत मोकळी करून घ्यावी, टेपचे हेड स्पिरिटने पुसावे, आणि पहिल्याच वेळी वाजवताना संगणकावर उतरवून घ्यावी, कारण दुसरी वेळ येईलच असे नाही. उतरवलेल्या गाण्यासोबत गाव, साल, गाणाऱ्याचे व साथ करणाऱ्यांचे नाव, चाल कशाची, आणि गाणे कोणत्या मागणीचे, एवढे लिहून ठेवावे.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दोन विद्यार्थिनी ह्याच कामासाठी येत होत्या. पुस्तकातले एक पान पुढे धरून त्यांनी विचारले, “सर, ही चाल कोणती?” सिनेमाचे नाव मला आठवले, सूर लागेना. मग घरातून बायकोने ती ओळ म्हणून दाखवली. तिने तो सिनेमा पाहिलेला नाही. तिला ते गाणे भीमगीत म्हणूनच ठाऊक होते, आणि मूळ शब्द वेगळे आहेत हे तिला त्या दिवशी कळले. मुलींनी मोबाईल तिच्याकडे वळवला आणि मला जरा गप्प बसायला सांगितले.